अपस्मार आणि ‘मेंदूचा पेसमेकर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिट थांबवणाऱ्या यंत्राची बातमी पेपरात आली की दोन दिवसांत कुणाचा तरी फोन येतो. बहुतेक वेळा आई असते. ‘आमच्या मुलाला बसेल का हो हे?’ एवढं एका दमात विचारते आणि मग गप्प होते. मी डॉक्टर नाही. माझ्या ताईला तेराव्या वर्षापासून अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, फिट येतात. तिच्या फाइली सांभाळता सांभाळता या विषयातलं बरंच वाचलं, बऱ्याच ओपीडींच्या बाकांवर बसलो. ज्या गोष्टी मला सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हव्या होत्या, त्या इथे लिहिल्या आहेत. औषध बदलणं, थांबवणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारून करायचं.

मेंदूचा पेसमेकर म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली तीन वेगवेगळी यंत्रं येतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं यंत्र मेंदूत बसतच नाही. छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली एक चपटी डबी ठेवतात. तिची तार मानेतल्या डाव्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला गुंडाळतात. साधारण अर्धा मिनिट वीज, पाच मिनिटं विश्रांती, असं रात्रंदिवस चालू राहतं. माणसात हे यंत्र पहिल्यांदा बसलं १९८८ साली, अमेरिकेत. तिथली सरकारी मंजुरी १९९७ मध्ये मिळाली, ती बारा वर्षांपुढच्या रुग्णांसाठी. पुढे २०१७ मध्ये ही वयोमर्यादा चार वर्षांवर आली.

दुसरं खरोखर मेंदूत जातं. कवटीला छोटी भोकं पाडून मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागाच्या पुढच्या केंद्रकात दोन्ही बाजूंनी बारीक तारा सोडतात. डबी इथेही छातीतच असते. कंपवातासाठी हे तंत्र आधीपासून वापरात होतं. अपस्मारासाठी युरोपात २०१० मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

तिसरं यंत्र सतत वीज देत नाही, ते पहारा देतं. फिट जिथून सुरू होते त्या एक किंवा दोन जागांवर तारा ठेवलेल्या असतात आणि यंत्र कवटीच्या हाडातच बसवलेलं असतं. ते मेंदूतल्या लहरी वाचत राहतं आणि गडबडीची चाहूल लागली की तेवढ्यापुरता विजेचा हलका झटका देतं. अमेरिकेत याला २०१३ मध्ये प्रौढांसाठी मंजुरी मिळाली. आजही हे मुख्यतः तिथेच वापरलं जातं.

यानं फिट कायमच्या थांबतात का?

फार थोड्यांच्या थांबतात. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण ‘बरा होईल’ असं वाटून शेती विकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

या यंत्रांचं यश मोजतात ते ‘फिट किती कमी झाल्या’ यावर. थॅलॅमसमध्ये वीज देण्याचा मोठा अभ्यास अमेरिकेत ११० जणांवर झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांपैकी शेवटच्या महिन्यात, यंत्र चालू असलेल्यांच्या फिट मध्यकानं, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या रुग्णाच्या हिशेबानं, ४०.४ टक्क्यांनी घटल्या. यंत्र बसवून बंद ठेवलेल्यांच्या १४.५ टक्क्यांनी घटल्या. दोन वर्षांनी ही घट ५६ टक्के होती आणि पाच वर्षांनी ६९ टक्के. पहारा देणाऱ्या यंत्राच्या १९१ जणांच्या अभ्यासात सुरुवातीचे आकडे होते ३७.९ विरुद्ध १७.३ टक्के. नऊ वर्षांनी जे अभ्यासात टिकून होते त्यांच्यात घट ७५ टक्क्यांपर्यंत गेली होती.

या आकड्यांतून दोन गोष्टी समजून घ्या. एक म्हणजे फायदा हळूहळू वाढत जातो. तीन महिन्यांत काही झालं नाही म्हणून हताश व्हायचं कारण नाही. दुसरी गोष्ट अशी की नऊ वर्षांच्या आकड्याजवळ तुलनेला कुणी नाही. त्या काळात औषधं बदलली, वय वाढलं, ज्यांना फायदा झाला नाही त्यांच्यातले काही सोडून गेले. म्हणून तीन महिन्यांचा लहान आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

महिन्याला वीस फिटच्या आठ झाल्या तर काय मिळालं, असं कुणी विचारलं तर ते आईला विचारा. दिवसाआड घर धास्तावलेलं असणं आणि आठवड्याला दोनदा असणं यात फार फरक आहे. पडणं, भाजणं, दात तुटणं कमी होतं. पण गोळ्या सुटत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मग हे नेमकं कुणासाठी आहे?

योग्य निवडलेली, योग्य मात्रेत आणि नियमित घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ही व्याख्या २०१० मध्ये ठरवली. सुमारे एक तृतीयांश रुग्ण या गटात येतात.

व्याख्येतला प्रत्येक शब्द तपासून घेण्यासारखा आहे. ‘योग्य निवडलेली’ कशासाठी? काही प्रकारांत चुकीच्या औषधानं फिट वाढतात. तरुण वयात सकाळी हात दचकून कपबशी हातातून उडते तो प्रकार कार्बामाझेपिननं बिघडू शकतो. ‘नियमित’ कशासाठी? आमच्या ताईच्या फिट एका वर्षी अचानक वाढल्या आणि औषधं लागू पडत नाहीत असा शिक्का फाइलवर बसला. खरं कारण निघालं ते असं की जिथून मोफत गोळ्या मिळायच्या तिथे त्या महिन्यात दोनदा संपल्या होत्या आणि आई उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून देत होती. आणि काहींच्या फिट अपस्माराच्या नसतातच. मनावरच्या ताणातून येणारे झटके दिसायला तसेच असतात. व्हिडिओ लावून केलेल्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीत, ते उघड होतं. त्यांच्यासाठी हे यंत्र नव्हे.

यंत्र आधी की ऑपरेशन आधी?

ऑपरेशन शक्य असेल तर आधी त्याचा विचार व्हावा. यावर तज्ज्ञांत फारसं दुमत नाही. फिट मेंदूच्या एकाच जागेतून उठत असेल आणि ती जागा काढल्यानं बोलणं, हालचाल, स्मृती यांना धक्का बसणार नसेल, तर ऑपरेशननं फिट पूर्ण थांबण्याची शक्यता यंत्रापेक्षा खूप जास्त असते.

यातला एक ठळक अभ्यास आपल्या देशातला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षं आणि त्याखालच्या ११६ मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन झालं, दुसरा औषधांवर राहिला. वर्षभरानं पहिल्या गटातली ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, दुसऱ्यातली ७ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या काही मुलांत शरीराच्या एका बाजूची ताकद कमी होण्यासारखे गंभीर परिणाम दिसले, आणि संशोधकांनी तेही तिथेच नोंदवलं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तर १९९५ पासून ही ऑपरेशनं होत आली आहेत.

यंत्राची पाळी येते ती फिट अनेक जागांतून उठते तेव्हा, जागा सापडत नाही तेव्हा, काढता येण्यासारखी नसते तेव्हा किंवा ऑपरेशन करूनही फिट राहतात तेव्हा. मला खंत वाटते ती वाया गेलेल्या वर्षांची. दोन औषधं हरल्यावर मोठ्या केंद्रात पाठवायला हवं, आणि इथे माणसं पाचवं, सहावं औषध घेत दहा-दहा वर्षं काढतात.

यंत्र बसवून बंद ठेवतात? ही फसवणूक नाही का?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि तो राग मला समजतो. मेंदूचं ऑपरेशन करायचं आणि बटण दाबायचं नाही, हे ऐकायलाच क्रूर वाटतं.

यामागचं कारण इतिहासात आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक इर्विंग कूपर यांनी लहान मेंदूवर विजेच्या पट्ट्या बसवल्या आणि फिट कमी झाल्याचं सांगितलं. आशा इतकी मोठी होती की पुष्कळ रुग्णांना हे यंत्र बसलं. नंतर मोजक्या रुग्णांवर नीट तुलना झाली. त्यातल्या एका अभ्यासात १२ रुग्ण होते. यंत्र कधी चालू आहे आणि कधी बंद, हे त्यांना सांगितलं नव्हतं. प्रयोगानं आपलं भलं झालं, असं १२ पैकी ११ जणांना वाटलं. फिट मोजल्या तेव्हा विजेमुळे काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

ते रुग्ण खोटं बोलत नव्हते. फिटला भरती-ओहोटी असते, आणि माणूस मोठ्या उपचाराकडे वळतो तो बहुधा भरतीच्या वेळी. ओहोटी पुढे आपोआप येते आणि श्रेय यंत्राला जातं. शिवाय अभ्यासात असताना दर महिन्याला कुणी आस्थेनं विचारतं, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, झोप पुरी होते. वर सांगितलेले १४.५ टक्के, यंत्र बंद असूनही झालेली घट, यातूनच आले. बंद गट नसता तर ती घटही विजेच्या खात्यात जमा झाली असती. या अभ्यासांत बंद गटाला कायम बंद ठेवत नाहीत. तीन महिन्यांचा तो टप्पा संपला की सगळ्यांची यंत्रं चालू होतात.

मानेच्या यंत्रात आणखी एक अडचण होती. वीज आली की गळ्यात खवखवतं, आवाज बदलतो, त्यामुळे आपलं यंत्र चालू आहे हे रुग्णाला कळतंच. तिथे संशोधकांनी एका गटाला पुरेशी वीज दिली आणि दुसऱ्याला नाममात्र. १९९८ मध्ये आलेल्या १९६ जणांच्या अभ्यासात तीन महिन्यांत फिट २८ टक्के घटल्या, नाममात्र गटात १५ टक्के.

थॅलॅमसमध्ये वीज देण्याचा मेलबर्नला झालेला एक लहान अभ्यासही सांगण्यासारखा आहे. लेनॉक्स-गॅस्टॉ या लहानपणी सुरू होणाऱ्या अवघड प्रकाराच्या २० तरुण रुग्णांवर तो झाला. घरच्यांच्या डायरीनुसार चालू आणि बंद गटांतला फरक ठाम म्हणता येईल इतका नव्हता, ईईजीवर मोजलेल्या फिटमध्ये तो जास्त स्पष्ट दिसला. म्हणजे काय मोजलं आणि कशानं मोजलं, यावर निकाल हलतो. २० जणांच्या अभ्यासावरून ‘क्रांतिकारी उपचार’ असा मथळा देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

अशा अभ्यासात भाग घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही. कुणीतरी भाग घेतला म्हणूनच आज आपल्याजवळ हे आकडे आहेत. पण सही करण्याआधी काही गोष्टी पाहा.

भारतात माणसांवर होणारा प्रत्येक वैद्यकीय प्रयोग आधी सरकारी नोंदवहीत चढवावा लागतो. २००९ पासून औषध नियंत्रकांनी ते सक्तीचं केलं आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते, नोंदणी क्रमांक मागा. शरीरात बसणारी अशी यंत्रं २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात येतात आणि नव्या यंत्राच्या चाचणीला केंद्राची परवानगी लागते. प्रयोगाला नीतिसमितीची मंजुरी हवी. समितीत डॉक्टरांशिवाय कायदा जाणणारी आणि सर्वसामान्य माणसंही असावी लागतात. संमतिपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळणं हा हक्क आहे. इंग्रजी कागद पुढे सरकवला तर मराठी मागा, घरी न्या, शांतपणे वाचा. प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. आणि मध्येच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

एक प्रश्न जरूर विचारा: अभ्यास संपल्यावर बॅटरी कोण बदलणार? ती काही वर्षांनी संपते आणि बदलण्यासाठी पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं.

डोक्याबाहेरून चुंबक किंवा सौम्य वीज देतात, त्याचं काय?

त्यावर अभ्यास चालू आहेत, काहींत फायदा दिसतो, काहींत नाही. नेहमीचा उपचार म्हणून त्याला अजून ते स्थान नाही. इंटरनेटवर मिळणारी घरगुती यंत्रं अपस्माराच्या रुग्णाच्या डोक्याला लावू नका.

धोके कोणते?

मानेच्या यंत्रात आवाज घोगरा होणं, खोकला, गळ्यात मुंग्या. बहुतेकांना त्याची सवय होते किंवा वीज कमी करून ते आटोक्यात येतं. मेंदूत तारा घालताना रक्तस्राव होऊ शकतो, जखमेत जंतुसंसर्ग होऊन कधी यंत्र काढावं लागतं. थॅलॅमसच्या अभ्यासात यंत्र चालू असलेल्या गटात उदासी आणि विसरभोळेपणाच्या तक्रारी जास्त होत्या. आधीच नैराश्य असेल तर हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.

बसवल्यावर रोजच्या जगण्यात काय सांभाळायचं?

सगळ्यात महत्त्वाचं: पाठ किंवा गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपीला गेलात तर ‘डायथर्मी’ हा शेक घेऊ नका. तारांची टोकं तापून आतल्या ऊतींना इजा होऊ शकते. तिथल्या माणसाला तुमच्या यंत्राची कल्पना नसते, सांगायचं आपणच. एमआरआय काही अटींवर होऊ शकतो, पण तुमच्या मॉडेलच्या अटी कोणत्या हे आधी विचारायचं. यंत्राचं कार्ड पाकिटात कायम ठेवा.

मानेच्या यंत्रासोबत एक चुंबक मिळतं. फिटची चाहूल लागली की ते छातीवरून फिरवलं तर जादा वीज मिळते, आणि तिथेच धरून ठेवलं तर यंत्र तेवढा वेळ थांबतं. घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या बाईंनासुद्धा, ते वापरायला शिकवा.

खर्च?

लाखांत. यंत्र, ऑपरेशन, पुढच्या बॅटऱ्या असं सगळं धरून लेखी अंदाज मागा. सरकारी योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून यादी पाहून खात्री करा, तोंडी आश्वासनावर राहू नका.

यात सार्वजनिक आरोग्याचा काय संबंध? हा तर मोठ्या दवाखान्यांचा विषय.

माझ्या मते सगळा संबंध इथेच आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, भारतात एक कोटीहून अधिक. निदान आणि उपचार नीट झाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी यंत्र लागत नाही. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही जुनी औषधं पुरतात, आणि ती सगळी संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. (व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं. मुलीला ते चालू असेल तर लग्नाआधीच डॉक्टरांशी बोला, आपल्या मनानं बंद करू नका.) तरीही गरीब देशांत चारपैकी तीन रुग्णांना उपचार मिळत नाहीत.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं अपस्मार आणि मेंदूच्या इतर आजारांसाठी २०३१ पर्यंतचा आराखडा मंजूर केला. त्यात ९०, ८०, ७० असे तीन आकडे आहेत: ९० टक्के रुग्णांना हा मेंदूचा उपचार होण्याजोगा आजार आहे हे माहीत असावं, ८० टक्क्यांना परवडणारी औषधं मिळावीत, उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या फिट आटोक्यात याव्यात. आपल्या देशात सरकारी दवाखान्यांत काय असावं हे सांगणारी सार्वजनिक आरोग्य मानकं २००७ मध्ये आली, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली. मैदानी भागात ३० हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे त्यांतलंच माप. ताईच्या गोळीचा खंड अशाच एका केंद्राच्या खिडकीशी पडला होता. यंत्राच्या अभ्यासात दाखल करण्याआधी रुग्णाची औषधं काही काळ एकसारखी चालू असावी लागतात. ज्या गावात गोळीच सलग मिळत नाही, तिथल्या माणसाला यंत्र लागेल की नाही हे ठरवायचं कसं?

कोबी खाल्ल्यानं मेंदूत किडा जातो, खरं का?

कोबीचा दोष नाही. डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून फीतकृमी माणसाच्या आतड्यात वाढतो. अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी पाणी, हात किंवा कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली तर मेंदूत गाठ होते आणि फिट येते. म्हणून शाकाहारी माणसालाही ती होते. आपल्याकडे बहुधा एकच छोटी गाठ सापडते. १९८० च्या दशकात सीटी स्कॅनमध्ये ती दिसली की क्षयाची समजून टीबीची औषधं देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच गाठी फीतकृमीच्या असतात, आणि पुष्कळशा विरूनही जातात. संडास, शुद्ध पाणी, हात धुणं हा या अपस्मारावरचा पहिला उपचार आहे.

फिट असेल तर लग्न बेकायदा ठरतं का?

नाही. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायद्यातला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला आहे. आजार लपवू नका, एवढंच.

समोर कुणाला फिट आली तर?

कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, दातखीळ उघडू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर लगेच दवाखान्यात न्या.

मोठ्या केंद्रात पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

फिटची वही. तारीख, वेळ, किती मिनिटं चालली, आधी काय झालं, मान कुठल्या बाजूला वळली, नंतर किती वेळ बोलता येत नव्हतं. मोबाइलवर काढलेला फिटचा व्हिडिओ, सुरुवात दिसेल असा. आजवर घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा, किती महिने घेतलं, का थांबवलं आणि मध्ये कधी खंड पडला ते. खंड पडला असेल तर लपवू नका, रागावतील म्हणून घाबरू नका. एमआरआयची फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नको. आणि ज्यानं फिट डोळ्यांनी पाहिली आहे असा माणूस सोबत न्या, कारण ज्याला फिट येते त्याला बहुतेकदा त्यातलं काहीच आठवत नसतं.